सिनेमाचा पडदा कापला त्याबद्दल आजीचा जबाब

जबाब देणार: पडदा कापणाऱ्याची आजी, आईची आई. वय: अठ्ठ्याहत्तर, एखादे वर्ष इकडेतिकडे. शिक्षण: दुसरी. धंदा: शिवणकाम, गुडघे गेल्यापासून बंद, हल्ली सिनेमा. राहणार: शिवणाच्या दुकानामागची खोली.

ठाण्यात स्वतः येऊन, विचारले त्याचे उत्तर म्हणून लिहून देते की,

मला दोन नातू. त्यांची आई लवकर गेली, म्हणून दोघे माझ्याकडेच वाढले. धाकटा म्हणजे ज्याची पोस्टरे सगळीकडे लागली आहेत तो. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून रॅपची गाणी म्हणतात. ते कसे मोठे झाले त्यावर सिनेमा निघाला आहे. थोरला म्हणजे तुम्ही आत बसवला आहे तो. तो दुकानात कापड कापतो आणि लहानपणापासून बोलताना अडखळतो. याचे "पाणी" म्हणून होईपर्यंत तहान भागते, असे आम्ही म्हणायचो. साहेब म्हणाले, आजी, मुद्द्यावर या. हाच मुद्दा आहे.

शिलाई मशीन एका चालीत चालू असले की थोरला अडखळत नसे. मी पायडल मारायची, तो शेजारी बसून कापड धरायचा आणि बोलायचा. शाळेत काय झाले, गिऱ्हाइकांच्या नकला, दिवसभराचे साठलेले सगळे. पुढे तो त्यात यमके जुळवू लागला. तीच गाणी धाकट्याने उचलली. उचलली म्हणजे चोरली असे लिहू नका, घरातलीच वस्तू. पहिल्या कार्यक्रमाला थोरल्यालाही नेले होते. तिथे मशीन नव्हते. त्याच्या तोंडून अक्षर फुटले नाही. पुन्हा नेले नाही.

गेल्या वर्षी सिनेमावाले घरी आले. खरेपणा हवा म्हणून मशीन नेले आणि आजीचे काम मलाच दिले. एक मुलगी केस विंचरायला, दुसरी डोक्यावर छत्री धरायला. जन्मात कोणी माझ्यावर छत्री धरली नव्हती. मला वाक्य एकच. थोरल्याचे काम करणारा नट दारात उभा, आणि मी म्हणायचे, "तुझ्या तोंडाला कुलूप आहे, तू घरीच बस. माझं नाव धाकटाच काढणार." एका दमात म्हटले. दिग्दर्शक म्हणाला, आजी, तुम्ही तर मुरलेल्या निघालात. साहेबांनी विचारले, हे तुम्ही खरोखर कधी म्हणाला होतात का. नाही. कधीच नाही. पण सिनेमात ते शोभते.

घटनेच्या दिवशी दुपारी तीनचा खेळ होता, घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, मी मध्ये, दोन्ही बाजूंना दोन नातू. थोरल्याने स्वतः शिवलेला नवा सदरा घातला होता. मशीन पडद्यावर आले तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवला. पण मशीनशेजारी धाकट्याचा नट बसला होता आणि गाणी त्यालाच सुचत होती. थोरल्याने हात काढून घेतला. मग तो पहिला कार्यक्रम आला. नटाने अडखळणे अगदी हुबेहूब केले, बराच वेळ केले. लोक पोट धरून हसले. मीही हसले. मी हसले नाही असे लिहिता येईल का, विचारले. साहेब नाही म्हणाले.

मग माझे वाक्य आले. टाळ्या पडल्या. मी धाकट्याला कोपराने ढोसले. थोरला माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, तू क... क..." कधी, असे म्हणायचे असावे. मी म्हटले, "गप रे, माझा चेहरा अजून दिसतोय."

तो उठून पुढे गेला. दुकानाची कात्री त्याच्या खिशात असतेच. हात वरपर्यंत पोचेना, म्हणून त्याने माझ्या हनुवटीपासून खाली पडदा कापला. सरळ कापला, हात चांगला आहे त्याचा. कोणाला लागले नाही.

साहेब म्हणाले, तुम्ही जामीन राहून घरी नेत असाल तर त्याला संध्याकाळपर्यंत सोडू. दोन तास झाले, त्याचा जबाब पहिल्या अक्षरापुढे सरकत नाही, मशीन आणता येईल का, असेही विचारले. मशीन आता धाकट्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, पट्टा काढून ठेवलेले. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ता नको गं आजी, लोक विचारतील मशीन कशाला." त्याचेही बरोबर आहे.

जामिनाचे म्हणाल तर खाली माझ्यासाठी गाडी उभी आहे. उद्या दुसऱ्या शहरात खेळ आहे. मला स्टेजवर बोलावून ते वाक्य म्हणायला लावणार आहेत. आठ दिवसांनी परत येईन, तेव्हा बघू.

मघाशी पाणी प्यायला उठले तेव्हा थोरला गजाआड दिसला. खाली बघत पायाने फरशीवर पायडल मारत होता, एका चालीत. ओठ हलत होते. हवालदार म्हणाले, "आजी, थांबा जरा, बोलायला लागलाय वाटतं." खालून हॉर्न वाजला, म्हणून मी थांबले नाही, जबाब उरकायला परत आले.

हे सगळे मला सावकाश वाचून दाखवले. सांगितले तसेच उतरले आहे. धंद्यापुढे सिनेमा राहिला होता, तो घालून घेतला. अंगठा नको, सही करते. धाकट्याने शिकवली आहे, हल्ली लोक मागतात.