पुनमच्या आधी मीच बोलले

नाही अक्का, कंबर जन्मभर दुखते असं काही नाही — पाठीत बारीक नळी घालतात, भूल देणाऱ्या मॅडम स्वतः येतात, पाय जरा जड होतात, कधी बीपी उतरतं, त्यावर लक्ष ठेवायला मी आहे ना — तुमची लेक रत्ना सकाळपासून कळा सोसतेय, कळा कमी करायचं ते इंजेक्शन तिनं स्वतः मागितलंय, आणि तुम्ही म्हणता, आमच्या वेळी कुठं होतं असलं काही. हेच, अगदी हेच मी म्हटलं होतं. कुणाला? माझ्याच पोरीला, पुनमला — तीन वर्षं झाली, याच दवाखान्यात. डॉक्टरांनी तिला विचारलं, आणि तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, नको मॅडम, माझी पोर आहे, सोसेल. वीस वर्षं बाळंतपणं केलीत मी — स्टाफसमोर मिरवायचं होतं, दुसरं काय, की सिस्टरची पोर ओरडत नाही.

ओरडली ना. दुपारी माझा हात धरून म्हणाली, "माय, आते सहन व्हत नही." तेव्हा तरी मॅडमना बोलवायचं — पण मग वेळ राहिला नव्हता... असं मी सगळ्यांना सांगते. वेळ होता, अक्का. चांगले दोन-तीन तास होते. मी हात सोडवून घेतला आणि तिच्या मांडीवर चापट मारली. हळूच — नाही, जोरातच मारली. वॉर्डात सवय लागते, हात आपोआप उठतो. मग बाळ होईपर्यंत तिनं एक शब्द काढला नाही. मला वाटलं, बघा, सोसलं की नाही.

बाळ छान आहे, हो. पण गेल्या महिन्यात दुसऱ्या खेपेला ती माहेरी आलीच नाही, सासरीच राहिली, नरडाण्याला. मी रजा टाकली, पिशवी भरली, तर फोनवर म्हणाली, "माय, तू नको येऊ. तू सिस्टर होऊन येतेस." मुलगी झाली. जावयानं फोटो पाठवला, तेवढंच. इंजेक्शन घेतलं होतं का, ते विचारायची हिंमत नाही झाली मला.

तुम्ही नका रडू, तुम्हाला कुठं बोलतेय मी. सहीचा कागद तुमच्या हातात कुणी दिला? — मीच ना. तिला न देता तुम्हाला. आणा तो इकडे. तुम्ही बसा बाहेर, अक्का. आत येऊ नका.