फुकटची बोट

हॅलो?… कोण?… अगं नेरे! मोठ्यानं बोल, नुसता वारा ऐकू येतोय… निघालीस पण? बरं झालं, मला वाटलं उद्या ऐन मतदानालाच येशील…

काय फुकट?… बोट?… डॉन एव्हेलिओनं पाठवली. मग काय! आपल्या आईच्या मातीला तुला बोट मिळाली नाही, मताला मात्र घरपोच… नाही गं, तुझ्यावर नाही चिडत.

इथे? इथे सण चाललाय. किनाऱ्यावरचं सडकं शेवाळ उचललं, आपल्या गल्लीला नळाचं पाणी येतंय. सोमवारी दोन्ही बंद, बघ तू… पर्यटक? ते काय, प्रचाराच्या गाड्यांना हात हलवत होते. त्यांना वाटलं जत्रा आहे. दारूबंदी आपल्याला, हॉटेलांत वाहतेय.

मी? मक्याच्या पानांत गुंडाळून तामाले उकडतेय. तुमच्यासाठीच! बोटीतून येणाऱ्या सगळ्यांना जेवू घालायचंय… तोच, आणखी कोण. सकाळी दारात उभा. म्हणे, कोमाद्रे, तुमच्या हातची चव कुणाला नाही… नाही कसं म्हणू? आईच्या नवव्या दिवशी जमिनीवर मांडलेला क्रूस उचलायला स्वतःहून पुढे आला. घरभर माणसं, प्रार्थना चाललेली. मेलेल्याच्या क्रूसाला हात लावायला आलेल्याला कोण परत पाठवतं? तू पाठवलं असतंस?… नसतंस. झालं तर. तेव्हापासून तो माझा कोम्पाद्रे, मी त्याची कोमाद्रे, सख्ख्या भावाच्या जागी. आपल्या भिंतीवर स्वतःचं नाव रंगवून गेला, तरी मी गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

…भला माणूस? असेल. बेटाचा कारभार तेव्हाही त्याच्याच हातात होता… हो, हो, मान्य. इंजिन बिघडलं त्याला तो काय करणार. दवाखान्याची बोट बंद, म्हणून आईला गास्पारच्या होडीत घातलं, ओल्या जाळ्यांवर. अर्ध्या वाटेतच… जाऊ दे. आता सभेत सांगतो, नवी बोट आणीन, तिला तुमच्या आईचं नाव देईन. वरातीमागून घोडं.

तू उन्हात नको बसूस… छप्पर आहे? त्याच्या बोटीला छप्पर कुठून आलं?… पांढरी?… बाजूला त्याचा फोटो चिकटवलाय, बरं. फोटोखाली काय दिसतंय?… वाकून बघ ना…

लाल क्रूस?

थांब. नेरे, थांब जरा… अगं, ती तर दवाखान्याची बोट, ती बंद आहे. कार्निव्हलपासून बंद आहे… चालवणाऱ्याला विचार. आत्ता विचार. इंजिन कधी दुरुस्त केलं म्हणावं. मी थांबते…

काय म्हणतो?… कधी बिघडलंच नव्हतं?… हसतोय कशाला?… मग कार्निव्हलच्या आठवड्यात, आई गेली तेव्हा, कुठे होती ती? विचार… कुणाचं लग्न?… हॉटेलातलं वऱ्हाड. फिरवायला. आणि कुणाच्या हुकमानं?… नाही, नाव घ्यायला सांग. मला ऐकायचंय…

हं.

नाही, रडत नाहीये. मी त्या माणसाला आईच्या कपात कॉफी दिली गं.

…अगं ऐक ना. भर समुद्रात कुठे उतरशील? ये. घरी ये, गुपचूप ये. पातेलं मी उतरवलंय चुलीवरून. ज्याला भूक असेल त्यानं एव्हेलिओच्या दारात जावं. उद्या रांगेत भेटेलच, कोमाद्रे म्हणत गालाला गाल लावायला येईल. तेव्हा विचारणार आहे, सगळ्यांदेखत. माझी आई त्या वऱ्हाडात मावली नसती का म्हणून… हो, माहितेय. क्रूसाचं नातं मोडणाऱ्याला पाप लागतं. लागू दे. त्यालाही लागलं असेल की थोडं.

तुझं मत तू ठरव, त्यात मी पडणार नाही… नाही, नाही सांगत. एवढंच सांग, तू बसलीयस कशावर?… बाक नाही? मग?… बाजूला बांधायचे पट्टे आहेत?

ऊठ.

नेरे, ऊठ त्यावरून. ते आजाऱ्याला झोपवायचं स्ट्रेचर आहे, ती आईची जागा होती… लागू दे ऊन, लागू दे धक्के. कठड्याला धर, आणि उभी ये… ऐकतेस ना?… हॅलो?… नेरे, उठलीस का?… हॅलो?