लाल दिवा अन् शनिवारचं तेल

हासू नका, मी जन्मात एकदाच खरं बोललो, तेबी वाया गेलं. नामदेवकाकानं जुनी मोटार घेतली अन् पोराले नवरदेव करून केनवडहून रिसोडले लग्नाले निघाला. वाटेत स्टेअरिंगसमोर लाल दिवा लागला.

“हा काहून पेटला बे?” काकानं मले इचारलं.

“गाडी तेल मांगून राह्यली, काका.”

“बराबर हाय, आज शनिवारच हाय!”

काकानं मारुतीच्या देवळापाशी गाडी थांबवली, देवाले वाटीभर तेल वाह्यलं अन् पुढं हाकली. मैलभरात इंजिन जाम. मुहूर्त टळून राह्यला होता.

“आता कसं रे?” काका रडकुंडीले आला.

“तेल ज्याले देल्लं त्यानं डोंगर उचलला होता, काका. तुमी नुसती गाडी ढकला!”

नवरदेवबी बाशिंग सांभाळत ढकलाले लागला. स्टेअरिंग धराले कोणीतरी लागतेच, म्हणून मी आतच बसलो.