माझा पहिला पेशंट

तुम्ही हसाल, पण डॉक्टर होण्याआधीच मला पहिला पेशंट मिळाला. पन्नास-एकावन्न सालची गोष्ट. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतो. सुट्टीत मुंबईहून बोटीने रत्नागिरीला आलो, तर वडिलांनी आळीभर सांगून ठेवलेलं, मुलगा डॉक्टर झाला.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे हसनचाचा पोट धरून ओटीवर येऊन आडवे झाले. "बघ रे डॉक्टर, काय झालाय."

वडील कौतुकाने दारात उभे. मी पोट दाबलं, जीभ पाहिली, आणि मग घाम पुसत खरं ते सांगून टाकलं. "चाचा, पहिल्या वर्षाला आम्हाला फक्त मेलेली माणसं देतात."

चाचा सावकाश उठले, सदरा खाली ओढला आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा बरोबर शिकतोय, भाऊ. मीच जरा लवकर आलो."