आमची, एक्कावन्न इंच

हॅलो?… हॅलो, शिवणाचं दुकान ना?… हो, शनिवारी दुपारी बंद असतं, माहितीये. मला काही शिवायचं नाहीये. एकच विचारायचंय. तू झोपेत घोरतेस का?

… अगं ठेवू नकोस, ठेवू नकोस. चेष्टा नाहीये. म्हणजे मैत्रिणींनी पैज लावलीये की मी विचारणारच नाही, पण प्रश्न खरा आहे. एका खोलीत झोपायचं तर आधी विचारलेलं बरं ना?

… कोण म्हणजे? मी सुतारांची मुलगी. तुझी आई ज्यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय, त्या सुतारांची… हो. ती मीच… नाही, बाबांना माहीत नाही. त्यांचा फोन वर्कशॉपमध्ये रंध्याजवळ पडला होता, त्यावरचा भुसा फुंकून घेतला. आणि तुमचा नंबर तुमच्याच पिशवीवर छापलाय, त्याच, जिच्यातून मावशींनी माझा निळा फ्रॉक पाठवला होता.

… मावशी म्हणजे तुझी आई. मी त्यांना मावशी म्हणते. चालतं ना?

… हॅलो? आहेस ना?

… हं. बरं. ‘चालतं’ असं म्हणालीस ना, मी मोजतेय. हा तुझा सहावा शब्द.

… हसतायत त्या माझ्या मैत्रिणी. फळ्यांच्या ढिगावर बसल्यात दोघी. एक चष्मेवाली आणि एक भोंगा. भोंगा का ते ऐकू येतंच असेल… ए भोंगे, हळू ना… मागच्या वर्षीपर्यंत दुकानात साधी पेन्सिल मागायलासुद्धा मी हिला पुढे करायचे. आता मीच बोलते. आता थांबतच नाही म्हणून सगळे वैतागलेत.

… माझं नाव? घरात पाचर म्हणतात. पाचर म्हणजे लाकडाचा छोटा तुकडा गं, दोन लाकडांच्या मधल्या फटीत ठोकतात तो. मी बुटकी आणि सगळ्यात मधे मधे, म्हणून. आजोबांनी ठेवलंय. आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे ठेवतात आणि सगळ्यांना उशीर झाल्याचं सांगत बसतात. शिवाय एक मांजर आहे. ती कुणाचीच नाही, पण जेवायला आमच्याकडे असते. बाबा कमी बोलतात. फार कमी. पण कुणाच्या घरी गेले की आधी दाराच्या बिजागऱ्या बघतात. मावशींच्या दुकानातसुद्धा तेच केलं ना? कपाटाचं दार वाजत होतं म्हणून दुरुस्त करायला आले आणि दार तीन वेळा दुरुस्त केलं.

… हसलीस? नाही?… बरं, नाकातून हवा सोडलीस. धरते तेवढं.

… मी? मी शाळेतून आले की खोल्या करते. बुटांच्या खोक्यात. खरंच. खोकं आडवं ठेवायचं, आत खिडकी कापायची, आणि बाबांच्या उरलेल्या तुकड्यांतून टेबल, खुर्च्या, कपाट. कपाटाची दारं उघडतात. पोळपाटाएवढा सोफा नाही गं, आगपेटीएवढा. नऊ खोल्या झाल्यात. स्टुलं मात्र जमत नाहीत, गोल कापताना तुटतात. तुझा काय छंद?

… सांग ना. मावशींनी सांगितलं नाही काही, ‘ती तिची तिची असते’ एवढंच म्हणाल्या.

… बटणं? कसली बटणं?

… म्हणजे जोडी नसलेली, एकेकटी? किती आहेत?… चारशे? अगं थांब. गोल बटणं म्हणजे माझी स्टुलं. चार भोकांत चार काड्या घातल्या की झालं… नाही, मागत नाहीये. नुसतं म्हटलं. तुझी आहेत ती.

… मावशी? हो, इथेच आहेत. आमच्या स्वयंपाकघरात. तासभर झाला. चहा केला होता, दोघांनी प्यायला नाही, आजोबांनी दोन्ही कप प्यायले आणि बाहेर येऊन बसले.

… का आल्यात ते तुलाच माहीत असणार… मी मुद्दाम नाही ऐकलं. आमच्या घरात भिंती आहेत, पण बाबांनी दारं अशी बसवलीत की ती पूर्ण लागतच नाहीत, सुताराचं घर ते… मावशी म्हणाल्या, ती नको म्हणतेय, तर राहू दे. बाबा म्हणाले, बरं. बाबांचं ‘बरं’ तू ऐकलं नाहीस. एवढासा आवाज होता.

… अगं, भांडायला नाही केला फोन. ऐक ना. का नको, तेवढंच सांग. आम्ही आवडत नसू तर तसं सांग. आम्ही तसे पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही.

… पलंग?

… कुठला, बाबांनी केलाय तो? फोटो पाठवला तो?… पण छान आहे गं. उशाशी पुस्तक ठेवायला फळी आहे, मी सांगितली ती करायला.

… लहान मुलीचा? लहान मुलीचा कसा?

… नाही, कुणी मुद्दाम नाही केलं. खोलीच अरुंद आहे. एक सहा फुटी पलंग आहेच, दुसरा तेवढाच टाकला तर दार उघडत नाही. म्हणून बाबांनी तुझं माप मागवलं. तेवढ्याच मापाचा करायचा म्हणून… मागवलं की. मावशींनी चिठ्ठी दिली. तुझी उंची किती?

… पाच फूट चार? खोटं.

… चिठ्ठी इथेच आहे, खिळ्याला टोचलीये. थांब, वाचते. मावशींचंच अक्षर. ‘आमची, ५१.’ बस, एवढंच. एक्कावन्न इंच म्हणजे सव्वाचार फूट. बाबा म्हणाले, बारीकशी पोर दिसतेय, वाढेल, आणि नऊ इंच वर धरले. पाच फुटी केला.

… मापाच्या वहीतून उतरवलं? मग बरोबर असायला हवं. तुझी आई तर नुसतं बघून माप सांगते. माझा फ्रॉक न मोजता शिवला, बगलेतसुद्धा नीट बसला.

… खांद्यापासून? म्हणजे?

… खांद्यापासून घोट्यापर्यंत. कपड्याचं माप. डोकं धरतच नाहीत?

… अगं. अगं देवा. चष्मे, ऐकलंस? शिवणात डोकं मोजत नाहीत. बाबांनी बिनडोक्याच्या मुलीचा पलंग केलाय.

… हस, हस. किती छान हसतेस. इतका वेळ कुठे ठेवलं होतंस हे?… आणि पावलंही नाहीत, हो. घोट्याखाली काही नाही. बिचारी.

… हो, मी पण पुसतेय डोळे. आजोबा बघतायत कोपऱ्यावरून, हिला झालं काय म्हणून.

… नाही गं. तुला विसरलं म्हणून नाही. बाबांनी त्या पलंगाला तीनदा पॉलिश केलंय. कोपरे गोल केलेत, तुझे गुडघे लागू नयेत म्हणून. तुझी आई वहीत सगळ्यांची नावं लिहिते ना, आडनावासकट? तुझ्या चिठ्ठीवर नाव नाही. नुसतं ‘आमची’. बाबांना ते वाचून काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी चिठ्ठी फेकली नाही. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या काम झालं की ते शेगडीत घालतात.

… हॅलो?… बोल ना.

… माझा पलंग? माझा सहा फुटी आहे. खिडकीजवळचा.

… हो. मी चार फूट नऊ. माहितीये मला काय विचारणार आहेस ते.

… एक मिनिट. भोंगे, चष्मे, तुम्ही दोघी जरा आजोबांजवळ जाऊन बसा… जिंकले ना पैज? मग जा. सांगते नंतर… नाही, सगळं नाही सांगणार.

हं. गेल्या.

ऐक. चूक एकट्या मापाची नाहीये. बाबांनी मला आधीच विचारलं होतं, तुझा मोठा पलंग तिला देऊ आणि तुझ्या मापाचा तुला नवा करू का. सरळ होतं. मी म्हणाले, माझ्या पलंगाला कुणी हात लावायचा नाही. जेवण सोडून उठले. नंतर बाबांनी तो विषय काढलाच नाही, माप मागवलं.

… तो आईचा आहे म्हणून. ती आजारी होती तेव्हा त्याच्यावर असायची, खिडकीतून मला शाळेत जाताना बघायची. मी सहा वर्षांची होते. आता मी त्याच्यावर झोपते तेव्हा पाय अर्ध्यातच संपतात. उरलेल्या जागेत आई आहे असं मी… वेडेपणाच आहे. कुणाला सांगू नकोस.

… नाही, रडत नाहीये. भुसा आहे इथे.

… तुझ्या बाबांचं काय?… हं… हं… आणि मग ते परत आलेच नाहीत?… त्यांच्या शर्टाचं? ते पहिलं बटण?… म्हणजे त्याच्यापासून सुरू झालं सगळं. चारशे.

… नाही सांगणार कुणाला. शप्पथ.

… काय?… मी त्यांना आई म्हणणार का?

… माहीत नाही गं. खरं सांगू? फ्रॉक घालून बघितला तेव्हा एकदा तोंडात आलं होतं. मी खोकले. तुला वाईट वाटणार असेल तर मावशीच म्हणेन, कायम… आणि तू बाबांना काय म्हणायचं ते तू ठरव. ‘अहो’ म्हणालीस तरी ते ‘बरं’च म्हणणार.

… ऐक ना. मी एक म्हणू? तू माझा पलंग घे.

… नाही, दया नाही. हिशेब बघ. नवा पलंग साठ इंच, मी सत्तावन्न. तीन इंच शिल्लक. बाबांनी चुकून माझाच पलंग केलाय. त्यांनाही माहीत नाही. आणि आईचा पलंग तसाही अर्धा रिकामा असतो. एवढ्या वर्षांत त्याला पूर्ण लांबीचं माणूस मिळालेलं नाही. तिला आवडलं नसतं, इथे अर्धा पलंग रिकामा आणि शेजारी एक मुलगी पाय दुमडून झोपलीये, असं.

… विचार कर. मी थांबते. फोन बाबांचा आहे.



… अट? कसली?… खाली डबे ठेवायचे, बटणांचे. ठेव की. पाय उंच आहेत, मांजरसुद्धा जाते… दिवा? वाचताना लागतो?… अकरापर्यंत?… साडेदहा… बरं, अकरा… दाराच्या चौकटीवर? हो, तिथे आमच्या उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलच्या. तुला कुणी सांगितलं?… मावशींनी बघितल्या? आईचीही आहे एक, बाबांनी रंग देताना तेवढी सोडली. तुझी तिच्यापेक्षा वर येणार बहुतेक. चालेल. मी चौकट पुसून ठेवते.

… मग येतेस?… म्हणजे, उद्या बघायला येतेस की राहायला येतेस?

… परत म्हण. आवाज गेला मधेच… नाही गेला, मला परत ऐकायचंय.

थांब, ठेवू नकोस. फोन चालू ठेव, मी आत जातेय. तुझ्याच कानांनी ऐक. नाहीतर म्हणशील, पाचरने मनाचं घातलं… आजोबा, सरका जरा. भोंगे, नंतर.

… अगं हो, ते राहिलंच. घोरतेस?… किती?… थोडंसं म्हणजे मांजराएवढं की रंध्याएवढं?… बरं. होईल सवय.

बाबा. मावशी. उठू नका, बसा, मीच बोलणार आहे. फोनवर आमची आहे. हो मावशी, तुमचीच, ‘आमची’. ती ऐकतेय सगळं. आम्ही दोघींनी ठरवलंय. खिडकीजवळचा पलंग तिचा. नवा माझा. ती उद्या येतेय, डबे घेऊन. तुम्ही दोघांनी जे ‘राहू दे’ म्हटलंत ते परत घ्यायचं… बाबा, असे बघू नका, मी स्वतः दिलाय, कुणी मागितला नाही. मावशी, तुम्ही रडा पण आधी ऐका. उद्या ती आली की चौकटीपाशी उभी करायची, आणि बाबा, तुम्ही टेप धरायची. मावशींनी नाही. डोक्यापासून मोजायचं.