मागच्या दारावरची ड्यूटी

पण मी म्हणतो, कॉलेज सोडलं म्हणून उंदीर मारायचं काम माझ्याकडंच का... तुम्हाला सांगतो, आमच्या करमाडला पोरानं शिक्षण सोडलं की घरादारातली सगळी कामं त्याच्या नावावर, वर बोलणी फुकट. 'सत्या, उंदराला बी घर करायची अक्कल असती,' हे आमचे अण्णा, म्हणजे वडील, रोज सकाळी दात घासताना. मोठ्यांना कोण सांगणार?

तर माळाच्या कडंला आमचा हरभरा, अन् माळात हा उंदीर. घरातला नाय, मागचे पाय लांब, शेपटीला गोंडा, चालायचं सोडून उड्याच मारतो. बिळाला पुढची दारं उघडी, अन् मागचं एक आतूनच पातळ मातीनं बुजवलेलं, संकट आलं की डोक्यानं ढकलून बाहेर. एवढी अक्कल आमच्या खानदानात कुणाला हाय? बिळात धूर कोंडायला बद्रीकाकानं मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, आत पेटती गोवरी अन् सुक्या मिरच्या, मडक्याचं तोंड बिळावर, भोकाला स्वतःचं तोंड, अन् फुंकायचं सोडून गड्यानं श्वास आत ओढला. मग 'पाणी... सत्या, पाणी...' मी हललो नाय. मला ड्यूटी होती ना, मागच्या दारावर, काठी घेऊन. 'निघालं की हाण,' अण्णांचा हुकूम. मोठ्यांना कोण सांगणार?

तेवढ्यात माती हलली. मादी निघाली, तोंडात पिल्लू, गुलाबी, डोळेसुद्धा न उघडलेलं. माझ्याकडं बघितलं, पिल्लू बोरीच्या झुडपात ठेवलं... अन् परत धुरात. अहो, काका एका दमात आडवा झाला, तिथं ही परत आत. दुसरं आणलं, परत आत. माझी काठी वरच. म्हणलं, बाई, उरक लवकर, अण्णा येतील.

आलेच, खोकत, डोळे चोळत. ती आणखी एक पिल्लू घेऊन नेमकी त्यांच्या पायापाशी थबकली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् पाय हळूच बाजूला घेतला. मग आम्ही दोघं उभे, तिचं सगळं बिऱ्हाड हलंस्तोवर.

'बद्री, बंद कर रे, बीळ रिकामं हाय.'

'रिकामं कसं, दादा?'

'मी बघितलं ना.'

मला लई भरून आलं हो. घरी आलो, तर आईसमोर हेच अण्णा, 'याच्यानं एक उंदीर मरंना, हा काय दिवे लावणार?'

मोठ्यांना कोण सांगणार... मान खाली घातली, म्हणलं, 'व्हय, अण्णा.' खरं बोललो असतो, तर त्यांचीच इज्जत गेली असती.