काका लढाईत काय करत होते

आमच्या ताईची सोयरीक काकांमुळे मोडायलाच आली होती, ते सांगते. काका म्हणजे आमच्या वडलांचे, आप्पांचे, थोरले भाऊ; मुंबईच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. महायुद्धात ते लष्करात होते, ब्रह्मदेशात. धसईचे पाहुणे ताईला बघायला आमच्या घरी किन्हवलीला आले. आप्पांनी त्यांना काकांच्या शौर्याचं बरंच सांगून ठेवलं होतं. म्हणून काकांना बजावलं, "दादा, आज तत्त्वज्ञान काढायचं नाय."

मुलगा ताईला फार आवडला होता. आम्ही दोघी दाराआड उभ्या होतो.

मुलाच्या आजोबांनी विचारलं, "मास्तर, लढाईत तुमी मोठा पराक्रम केलात म्हणं?"

"पराक्रम म्हणजे काय, ते आधी ठरवायला हवं," काका म्हणाले. आप्पा जोरात खोकले. "पण खरं सांगू? बॉम्ब पडायला लागले तसा मी खड्ड्यात शिरलो आणि आईच्या नावानं रडलो."

ताईनं माझा हात इतका दाबला, की माझी बांगडी पिचली.

आजोबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आमी पण तिकडंच होतो, मास्तर. आमच्या खड्ड्यात चौघं रडत होतो."

मुलाचे वडील चकित झाले. "पण बाबा, तुमी तर सांगायचात, एकट्यानं दहा जणांना..."

"गप रे! सुपारी फोड."